टोपीचा धडा : कापडाला किती, शिंप्याला किती?

मुलांना घरीच शिकवणारे पालक एखादा विषय धरून महिनाभर शिकवायचं ठरवतात, तेव्हा पहिली शंका खर्चाची असते. विषय टोपीचा असेल आणि घर नांदेडला किंवा लातूरला असेल, तर दोन मुलांना मिळून सात-आठशे रुपये पुरतात. मात्र त्यातला निम्मा पैसा शिंप्याच्या आणि फेटेवाल्याच्या हातात पडला पाहिजे. इथले सगळे आकडे अंदाजाचे आहेत; दुकान बदललं की पाच-दहा रुपये इकडेतिकडे व्हायचेच.

ऑनलाइन मिळणारं टोपी बनवायचं तयार किट एका मुलामागे चारशे-पाचशेला पडतं. त्यात आधीच कापून ठेवलेला फोम आणि चिकटवायचे तारे असतात. मुलाला करायला उरतं काय? तेच सामान नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत स्टेशनरीच्या दुकानात सुटं घ्या. कार्डशीट दहा-बारा रुपयांना, पतंगी कागदाचा ताव दोन-पाच रुपयांना, क्रेप कागद दहा-पंधराला आणि इलॅस्टिक पाच-सात रुपये मीटर. डिंकाची बाटली घेतलीत तर तीस-चाळीस रुपये, घरी मैद्याची खळ शिजवलीत तर तेही नाहीत. लातूरकरांनी ही खरेदी मुलांना घेऊनच करावी. १९१७ साली उभारलेल्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. ते सारख्या अंतरावर असते तर प्रत्येकी किती अंशांचा कोन झाला असता, हे गणित भाजी घेताना होऊन जातं. (साडेबावीस. आई-बापांनी आधी करून ठेवावं.)

पहिली टोपी शंकूची करावी, कारण गणित तिच्यात सगळ्यात जास्त आहे. शिंप्याच्या टेपने डोक्याचा घेर मोजा. सहा-सात वर्षांच्या मुलाचा तो साधारण ५२ सेंटिमीटर भरतो. शंकू अर्धवर्तुळातून वळतो, म्हणजे अर्धवर्तुळाची कड हाच टोपीचा घेर. ५२ ला ३.१४ ने भागलं की साडेसोळाच्या वर येतात. त्रिज्या १७ घ्या, केसांना जागा राहते. पेन्सिलीला दोरा बांधून अर्धवर्तुळ काढायचं आणि सरळ बाजूला दीड सेंटिमीटरची गोंदपट्टी सोडायची. बावीस बाय अठ्ठावीस इंची शीटमध्ये अशा पाच टोप्या आरामात निघतात, काटेकोर आखल्या तर सहा. म्हणजे एक टोपी दोन-अडीच रुपयांना पडली. सहावी बसवता येते का, यावर मुलं अर्धा तास भांडतात, भांडू द्यावं.

कापडाची टोपी शिकवायला उंदराच्या टोपीची गोष्ट पुरे. चिंधी सापडल्यापासून टोपीला गोंडे लागेपर्यंत उंदीर ज्यांची ज्यांची दारं ठोठावतो, ती सगळी दारं आपल्या गल्लीत आहेत. पांढरं पॉपलिन साठ ते नव्वद रुपये मीटर. पाव मीटरमध्ये लहान मुलाची एक टोपी बसते. शिंपी टोपीमागे तीस-पन्नास रुपये शिलाई घेतो. पण नुसती टोपी शिवून आणू नका. आधी विचारा, ‘मास्तर, पोरांना तासभर बसून बघू देता का? वेळेचे वेगळे देतो.’ शंभर-दीडशे रुपये पुढे केले तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि मुलं कापडाचा आडवा-उभा धागा, खडूची खूण, शिलाईचं मार्जिन हे सगळं डोळ्यांनी पाहतात. जूनमध्ये गणवेशांची गर्दी असते, दिवाळीआधी आणि लग्नसराईत तर विचारूच नये.

फेट्याला विकतचं कापड घेऊ नये, हे माझं ठाम मत. तयार बांधलेला फेटा दोनशेपासून पाचशेपर्यंत मिळतो, पण त्यात शिकण्यासारखं काही नाही; टोपीसारखा घालायचा नि काढायचा. आजीचं जुनं सुती नऊवारी लुगडं गच्चीवर पसरा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, जवळपास फेट्याएवढीच लांबी. पन्हा मोठा असतो, म्हणून उभं दुमडून घ्यायचं. मग लग्नात फेटे बांधणाऱ्या कुणाला तरी सवडीच्या दिवशी घरी बोलवा. दोनशे रुपये द्या आणि चहा पाजा. शेमला किती सोडायचा, पीळ कुठे द्यायचा, हे पुस्तकातून कळत नाही.

इतिहासाचा धडा सप्टेंबरात धरावा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या छायाचित्रांत डोक्यावर रुमी टोपी दिसते, तर स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांत पांढरी गांधी टोपी. दोन छायाचित्रं छापून शेजारी ठेवली की खर्च वीस रुपये, आणि तासभर बोलायला विषय. खादीची टोपी साठ-शंभराला खादी भांडारात मिळते. ती घेताना हेही सांगावं की नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज बनवते आणि त्याचं कापड उदगीरला विणलं जातं. लातूरहून नांदेडला जायचं तर एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे आणि २०२३ पासून महिलांनाही. त्यामुळे आईने नेलं तर प्रवास निम्म्यात होतो.

नांदेडला आल्यावर सचखंड गुरुद्वारा पाहावाच. आत जाताना लहानथोर सगळ्यांना डोकं झाकावं लागतं. स्वच्छ रुमाल घरूनच न्या, लंगर विनामूल्य आहे. शीख दस्ताराची, म्हणजे पगडीची, मात्र कागदी नक्कल करू नये, फॅन्सी ड्रेससाठी तर नाहीच. ती श्रद्धेची वस्तू आहे. कुणी आपणहून बांधून दाखवली तर मांडी घालून बघावं.

फुकटातलं सामान घरात पडलेलंच असतं : बाळाची कुंची, टोपडं, घागरीखालची चुंबळ, पावसात शेतकरी डोक्यावर घेतो ती पोत्याची खोळ. पोतं एका कोपऱ्यात दुसरा कोपरा खोचून दुमडलं की झाली. पोळ्याला बैलाचं बाशिंग बाजारात येतं, तेव्हा ते विकत आणून उलगडून पाहण्यासारखं आहे : पुठ्ठा, बेगड, गोंडे आणि दोरा.

ज्यांना पुढे परीक्षेची चिंता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. घरी शिकवण्यासाठी त्यात वेगळी नोंदणी नाही. दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बसता येतं, वय चौदा पूर्ण लागतं. राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा अर्ज भरायची वाटही आहे. ती फी टोपीच्या हिशेबात धरू नका. टोपीचा हिशेब मुलांनीच लिहावा, पावत्या वहीत चिकटवून. आणि ऐतिहासिक पोशाख भाड्याने आणायची कुणी गळ घातली, तर दिवसाला तीनशे-चारशे आणि वर अनामत, एवढं सांगून विषय मिटवावा.