तारीख टाकून घे, बाबू

बाबू, साथीचा म्हणून जो कायदा आहे त्यात तुझ्या-माझ्यासाठी काही नाही, हे आधी समजून घे. १८९७ साली मुंबई-पुण्यात प्लेग होता तेव्हा इंग्रजांनी तो केला. इनमीन चार कलमं. सरकारनं कोणाला अडवावं, काय बंद करावं, न ऐकणाऱ्याला काय शिक्षा, एवढंच त्यात. बंद काळात मजुरी मिळेल का, घरातला कमावता गेला तर बायकापोरांचं काय, यावर एक अक्षर नाही. कोरोना आला तेव्हा १३ मार्च २०२० ला महाराष्ट्रात लागू झाला तो हाच कायदा.

तुझे हक्क आहेत ते रोजच्या कायद्यांत. मजुरीच्या, रेशनच्या, वारसाच्या, जन्म-मृत्यू नोंदीच्या. साथ आली म्हणून ते रद्द होत नाहीत, पण कचेरी बंद होते, कारकून जागेवर नसतो, ठेकेदार फोन उचलत नाही. मग ज्याच्याजवळ तारखेचा कागद आहे त्याचंच खरं. मी जन्मभर वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडच्या तहसीलबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिले. खरा माणूस कागदावाचून हात हलवत घरी जाताना कितीदा पाहिला. तू अन् सूनबाई पुण्याला चालले, म्हणून सांगतो.

कामावर लागला की पहिल्या आठवड्यात साइटवरच्या मोठ्या फलकाचा फोटो काढ. बिल्डरचं नाव अन् महारेराचा नंबर त्यावर असतो. आपल्या मजुराला मुकादमाचं टोपणनाव तेवढं ठाऊक असतं, अन् टोपणनावावर दावा लागत नाही. मुकादमानं पैसे बुडवले तरी ज्यानं ठेका दिला त्या मूळ मालकावर मजुरीची जबाबदारी येते. ठेका मजुरांचा १९७० चा कायदा तेच सांगत होता, अन् २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार श्रम संहिता लागू झाल्या त्यांतही ते आहे. नव्या संहितेत नेमणूकपत्र मागायचा हक्क सगळ्यांनाच आहे. राहिलेल्या मजुरीसाठी आता तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, आधी मुदत कमी होती. मुकादम कागद देत नसेल तर त्याला मोबाइलवर संदेश टाक: ‘आजपासून अमुक साइटवर, अमुक रोजानं कामाला लागलो.’ त्यानं ‘हो’ म्हटलं तरी पुरावा, अन् गप्प राहिला तरी तारीख तुझ्याजवळ राहिली.

२०२० मध्ये काय झालं ते ऐक, म्हणजे हे काहून सांगतो ते कळेल. २५ मार्चला देश बंद झाला. २९ मार्चला केंद्राच्या गृहखात्यानं हुकूम काढला की बंद काळाची मजुरी कोणताही मालक कापणार नाही, अन् मजुराकडून घरमालक महिनाभर भाडं मागणार नाही. हुकूम चांगला होता. पण १८ मेपासून तो मागे घेतला. मालक लोक सुप्रीम कोर्टात गेले होते. १२ जूनला कोर्टानं सांगितलं की मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, त्या ५४ दिवसांच्या मजुरीचं मालक-मजुरांनी आपसात बोलून मिटवावं, नाही मिटलं तर कामगार खात्याकडे जावं. आता मला सांग, जो मजूर चालत गावी आला, ज्याच्याजवळ हजेरीचं कार्ड नाही, तो कोणाशी बोलणार? कोर्टाचा निकाल वाचून मला तेव्हा राग आला होता, अजूनही आहे. बरोबरीच्या दोघांनी मिटवावं म्हणणं निराळं, अन् उपाशी माणसाला मालकासमोर बसवणं निराळं.

त्यातली एक गोष्ट आपल्याच हायकोर्टाच्या खंडपीठाची आहे, ती लक्षात ठेव. ३० एप्रिल २०२० ला औरंगाबाद खंडपीठानं मालकांना पगार द्यायला सांगितलं, पण प्रवासभत्ता अन् जेवणाचा भत्ता वगळून. वर हेही सांगितलं, की जिथं काम सुरू करायची मोकळीक मिळाली तिथं बोलावूनही मजूर आपणहून आला नाही तर पगार कापता येईल. तेव्हा कारखान्यातून बोलावणं आलं अन् तुला जाता येत नसेल, गाडी नाही, गाव सील आहे, घरात रुग्ण आहे, तर ते त्याच दिवशी लिहून कळव. गप्प बसलास तर ‘बोलावलं, आला नाही’ एवढीच नोंद राहते.

बांधकामावर राहणार असशील तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी कर. वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. अन् नोंदणीचं नूतनीकरण विसरू नको. २०२० च्या एप्रिलात मंडळानं खात्यावर दोन हजार टाकले ते नोंदणी चालू असलेल्यांनाच. ज्यांचं कार्ड घरात खुंटीला टांगलेलं होतं अन् मुदत सरलेली, ते पाहत राहिले.

रेशनकार्डाचं तर सोपं आहे. एक देश, एक कार्ड झाल्यापासून रिसोडच्या कार्डावर चाकणला धान्य उचलता येतं, अन् इथं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याचं इथं. फक्त आधार जोडलेलं अन् बोटाचा ठसा जुळणारा पाहिजे. सिमेंटनं बोटं झिजतात बाप्पा, म्हणून सूनबाईचंही आधार जोडून ठेव. परराज्यातल्या मजुरांसाठी १९७९ पासून वेगळा कायदा होता, जाण्या-येण्याचा खर्च वगैरे. तो तुला नाही. वाशिमचा माणूस पुण्यात कायद्याच्या लेखी स्थलांतरितच नाही, कारण राज्य एकच. श्रमिक रेल्वे सुटल्या त्याही मुख्यतः परराज्यांकडे. आपली पोरं ई-पासच्या रांगेत, नाही तर जालन्याच्या रस्त्यानं पायी. त्याच पट्ट्यात, करमाडजवळ, ८ मे २०२० च्या पहाटे रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशचे होते, जालन्याहून निघालेले. म्हणून सांगतो, पुन्हा तशी वेळ आली तर रुळानं निघू नको. जिथं असशील तिथल्या तहसीलदाराकडे नाव लिहून दे अन् पोच घे.

आता दुखण्याचं. आपल्या तालुक्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये देगावच्या निवासी शाळेच्या वसतिगृहात २२९ लेकरं एकाच वेळी बाधित निघाली. बहुतेक अमरावती-यवतमाळकडची. आईबाप तिकडं, लेकरं इकडं. अशा वेळी माणूस नुसता धावत सुटतो. पण मागायचं काय, हे ठाऊक पाहिजे. लेकरू वसतिगृहात टाकताना तिथल्या अधीक्षकाचा अन् जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर घेऊन ठेव. तपासणी झाली की अहवालाची प्रत माग. दवाखान्याचे कागद रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे, असा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासून आहे. तीन वर्षंच कागद ठेवायचं बंधन आहे, म्हणून ‘नंतर पाहू’ म्हणू नको.

खासगी दवाखान्यात गेलास तर दर विचारायला लाजू नको. मे २०२० मध्ये सरकारनं दर बांधून दिले होते: साध्या खाटेचे दिवसाला ४०००, अतिदक्षता विभागाचे ७५००, व्हेंटिलेटरसह ९०००. १ जून २०२१ पासून लहान गावांत साध्या खाटेचा दर २४०० वर आणला. हे किती जणांनी विचारलं? बिल पाहून लोक शेत गहाण टाकत होते. पुढच्या साथीत आकडे वेगळे असतील, पण दर ठरले का, अन् फलक कुठं लावला, हे पहिल्या दिवशी विचार. बिल बाकी आहे म्हणून मढं अडवून ठेवायचा हक्क कोणत्याच दवाखान्याला नाही. पक्की पावती अन् एकेक औषधाचा हिशेब माग.

अन् नको ते झालंच तर, बाबू, सूनबाई, दोघंही ऐका. रडणं होतच राहतं, पण हे काम कोणीतरी केलंच पाहिजे.

मृत्यूची नोंद जिथं माणूस गेला तिथंच होते. रिसोडचा माणूस अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये गेला तर दाखला अकोला महापालिकेचा. कितीक बायका इथल्या नगर परिषदेत महिना-महिना खेटे घालत बसल्या. नोंद २१ दिवसांच्या आत. घरी गेला तर घरच्यांनीच कळवायचं. दाखल्यावरचं नाव आधारशी, बँकेशी जुळतं का ते काउंटरवरच वाचून पाहा. ‘ज्ञानबा’चा ‘ग्यानबा’ झाला की पुढचे सहा अर्ज अडतात.

कोरोनात माणूस गेला त्याच्या घरच्यांना ५०,००० रुपये मिळाले ते कोणाच्या दयेनं नाही. सुप्रीम कोर्टानं ३० जून २०२१ ला आपत्तीच्या कायद्याखाली मदत ठरवायला लावली, अन् ४ ऑक्टोबरला त्या रकमेवर शिक्का मारला. दाखल्यावर ‘कोरोना’ शब्द नाही एवढ्यावर कोणाला नाकारू नका, असं कोर्टानं बजावलं. तपासणी बाधित आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला तरी धरायचा, घरी झाला असला तरी. दवाखान्यात सलग भरती असेल तर ३० दिवसांनंतरचाही. त्या ३० दिवसांत बाधित माणसानं जीव दिला असेल तर तोही धरला. नाकारलं तर जिल्ह्याच्या तक्रार समितीकडे. पुढे मार्च २०२२ मध्ये मुदत घातली, जुन्या मृत्यूंना ६० दिवस, नव्यांना ९०, पण खऱ्या अडचणीनं उशीर झालेल्यांना समितीचं दार उघडं ठेवलं. अर्जाला पैसा लागत नव्हता, तरी दलालांनी त्यात हजार-दोन हजार खाल्ले. खोट्या अर्जांची तपासणीही कोर्टानं लावली, अन् त्यात महाराष्ट्राचं नाव होतं. लाज वाटते सांगायला.

त्या ५०,००० च्या नादात मोठा पैसा मात्र राहून जातो. मेलेल्या माणसाचं पासबुक काढून मे महिन्याची पानं पाहा. ३३० रुपये कापलेले दिसले, २०२२ पासून ४३६, तर जीवनज्योती विम्याचे दोन लाख आहेत. १२ किंवा २० रुपयांचा कापलेला विमा अपघाताचा, तो दुखण्याला नाही. कंपनीत भविष्य निर्वाह निधी कापत असतील तर त्यालाच जोडलेला विमा असतो, जास्तीत जास्त सात लाखांचा. त्यासाठी निधीखात्याचा नंबर ठाऊक अन् वारसाचं नाव आधी भरलेलं असलेलं बरं. तू जिवंत आहेस तोवर हे पाच मिनिटांचं काम आहे. सूनबाईला तुझा नंबर पाठ असू दे.

बचत गटाचं, फायनान्सचं कर्ज असेल तर त्यातही पुष्कळदा विम्याचा हप्ता आधीच कापलेला असतो. वसुलीवाला ते सांगत नाही. त्याला विचार. अन् २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली तेव्हा लोक समजले माफ झाले. ढकलले होते, व्याज चालूच होतं. मेलेल्याचं कर्ज वारसानं फेडायचं ते त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. जामीनदार मात्र सुटत नाही.

सूनबाई, हे तुझ्यासाठी. तेराव्याच्या आत कोणत्याही कागदावर सही करायची नाही. दीर म्हणेल, सासरे म्हणतील, ‘सरकारी मदतीसाठी आहे.’ आधी वाचून घे, वाचता आलं नाही तर वाचून दाखवणारा शोध. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय खरं होत नाही, तेव्हा तुला रजिस्ट्री ऑफिसला चल म्हणाले की समजायचं काय चाललंय. हिंदू घरात नवऱ्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली अन् नवऱ्याची आई सारख्या वाट्यानं वारस. मुसलमान घरात वाटे वेगळे, पण विधवेचा वाटा तिथंही आहे. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत, अन् त्यात प्रत्येक लेकराचं नाव, पोरीचंही. त्या काळात तरण्या विधवा किती झाल्या बाई. घराणं मोठं तेवढी सही लवकर मागतात, हे मी पाहिलं आहे.

लेकरांचं म्हणशील तर, आईबाप दोघंही कोरोनात गेले त्यांच्या नावानं राज्यानं पाच लाख ठेव ठेवली, केंद्राची दहा लाखांची योजना वेगळी. एकच पालक गेला तरी बालसंगोपन योजना आहे. महिना ११०० होते, २०२३ पासून २२५०. ती कोरोनापुरती नाही, आजही आहे. त्या वेळी मोबाइलवर फिरत होतं, ‘दोन गोड लेकरं अनाथ, दत्तक घ्या.’ असं परस्पर देणं-घेणं गुन्हा आहे. नातेवाईकही बालकल्याण समितीला विचारल्याशिवाय लेकरू कोणाच्या हवाली करू शकत नाहीत. १०९८ वर फोन करायचा.

अन् वकिलाला पैसे कुठून आणायचे, हे म्हणू नको. बाई असो, लेकरू असो, कारखान्याचा कामगार असो, दलित-आदिवासी असो, आपत्तीत सापडलेला असो, त्याला मिळकत न पाहता फुकट वकील द्यायचं १९८७ च्या कायद्यात आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती बसते, तिथं साधा अर्ज चालतो. पुण्यात असशील तर १५१०० ला लाव. अर्ज दोन प्रतींत कर, एकीवर शिक्का अन् तारीख घे. कारकून म्हणेल, ‘ठेवून जा, पाहतो.’ तू उभाच राहा. शिक्का त्याच्या ड्रॉवरमध्येच असतो.