पार्मा प्रांतांतील चीज आणि त्याचें तारण

गेल्या वर्षीं चिरंजिवांच्या आग्रहावरून आम्हांस इटली देशांत जाण्याचा योग आला. बरोबरीची मंडळी जुन्या इमारती व चित्रें पाहण्यांत गुंतली असतां आम्हीं एक दिवस पार्मा शहराबाहेरील एका लहान दुग्धशाळेसाठीं राखून ठेविला. ही दुग्धशाळा आसपासच्या गोपालकांच्या सहकारी मंडळाची असून, तेथें मार्गदर्शकाबरोबर सर्व काम पाहून शेवटीं मालाची चव घेतां येते. पाहिलेली हकीकत वाचकबंधूंच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

पार्मिजानो रेज्जानो हें नांव वाटेल त्या चीजास लावितां येत नाहीं. पार्मा, रेज्जो एमिलिया व मोदेना हे प्रांत, रेनो नदीच्या पश्चिमेकडील बोलोन्या व पो नदीच्या दक्षिणेकडील मांतुआ, एवढ्याच मुलुखांत तें व्हावें लागतें. १९३४ सालीं स्थापन झालेला उत्पादकांचा संघ ह्यावर नजर ठेवितो.

काम सकाळींच चालतें, म्हणून आठाच्या सुमारास आम्ही हजर झालों. अंगांत कागदी डगला व डोक्यास टोपी घालावयास लाविली. आदल्या संध्याकाळचें दूध रुंद, उथळ पात्रांत रात्रभर ठेवून वर आलेली साय काढून घेतात, व त्यांत सकाळचें ताजें दूध सायीसकट मिळवितात. दूध उकळून घेत नाहींत. उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या हंड्यांत सुमारें १,१०० लिटर दूध मावतें आणि त्यांतून चीजाचीं दोनच चाकें निघतात; एकेक चाक अदमासें ४० किलो भरतें. मग त्यांत आदल्या दिवशीं राखलेली आंबट निवळी घालतात. आपल्या घरीं विरजण राखतात त्यांतलाच हा प्रकार. त्यानंतर वासराच्या जठरांतून काढलेलें रेनेट घातलें कीं दहाबारा मिनिटांत दूध थिजतें. तारांच्या मोठ्या रवीनें तें फोडून तांदळाएवढे दाणे करितात व ५५ अंशांपर्यंत तापवितात. कारागीर मधून मधून हात घालून दाणा बोटांनीं चोळून पाहत होता. भिंतीवर यंत्रें होतीं, पण निर्णय बोटांचाच. तळाशीं बसलेला गोळा लाकडी वल्ह्यानें उचलून, फडक्यांत बांधून, सुरीनें दुभागतात. उरलेली निवळी डुकरांच्या खाद्याकडे जाते.

साच्यांतच चाकाच्या कडेवर नांवाचे ठिपके, दुग्धशाळेचा क्रमांक आणि महिना व साल उमटवितात. शिवाय प्रत्येक चाकास स्वतंत्र क्रमांकाची चकती. जणूं एकेका चाकाचा सातबाराच! मग सुमारें तीन आठवडे मिठाच्या पाण्यांत ठेवून पुढें निदान बारा महिने फळ्यांवर मुरत ठेवितात.

गोठ्यांत आम्हांस एक पंजाबी शीख गृहस्थ भेटले. त्या खोऱ्यांत गुरांच्या कामावर असे पुष्कळ आहेत. आम्हीं मुरघासाची चौकशी केली असतां ते हंसले. "मुरघास यहां नहीं चलता, बाबूजी. सूखी घास चाहिये." कारण असें कीं, मुरघासांतील एका जातीचे जंतु दुधांत उतरले तर चीज महिनोमहिने चांगलें दिसून मग आंतून फुगतें व फाटतें. एकाच गोठ्याच्या हयगयीनें सगळ्यांचा हंडा बिघडावयाचा. आणि तो बिघडला हें कळावयाचें, दुधाचें बिल चुकतें झाल्यावर.

बारा महिन्यांनीं संघाचे तपासनीस प्रत्येक चाकावर लहान हातोडी ठोकून आवाज ऐकतात. आंत पोकळी असली तर आवाज बदलतो. नापास चाकावरील नांव खरवडून टाकितात.

आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटली ती पुढील गोष्ट. गोपालकास आज चारा घ्यावयाचा, मजुरी द्यावयाची, आणि माल विकावयाचा वर्षानें. हें अंतर कसें निभावावें? तिकडील क्रेदितो एमिलियानो नांवाची बँक चीजाचीं चाकेंच तारण घेऊन कर्ज देते. चाकें बँकेच्या वखारींत मुरत राहतात, तेथेंच त्यांची पुसणी व उलथापालथ होते, आणि मुरतां मुरतां तारणाची किंमत वाढते! बत्तीस वर्षांच्या कारकुनींत जमीन गहाण पडल्याच्या किती नोंदी आम्हीं स्वहस्तें घातल्या त्याची गणति नाहीं. माल गहाण पडून जमीन मोकळी राहिलेली पाहून आम्हांस क्षणभर बोलवेना. आपल्याकडे बाजार समित्यांतून शेतमालावर तारण कर्ज मिळतें, परंतु त्याचा लाभ घेणारे आमच्या तालुक्यांत फार थोडे. धोका तिकडेहि आहेच. २०१२ च्या मे महिन्यांतील भूकंपांत वखारींतील फळ्या कोसळून लाखों चाकें जमिनीवर आलीं.

शेवटीं चवीची वेळ आली. बारा, चोवीस व छत्तीस महिन्यांचे तुकडे पुढें ठेविले. रेनेटाचें ऐकल्यामुळें आम्हीं ते घेतले नाहींत. मार्गदर्शक बाईंस तसें सांगितलें, त्यांनींहि आग्रह केला नाहीं. चिरंजिवांच्या मतें पहिला दुधाळ व मऊ, दुसरा रवाळ, तिसरा कोरडा व झणझणीत. जुन्या तुकड्यांत जे पांढरे खडे लागतात ते मिठाचे नसून टायरोसिन नांवाच्या द्रव्याचे असतात. आम्हांस बाईंनीं सकाळच्या सायीचें लोणी पावावर लावून दिलें. साय रेनेटापूर्वींच निघते, तेव्हां त्यास आमची हरकत नव्हती. लोणी उत्तम होतें.