भात घरात, उंदीर बागेत

भातकापणी उरकली, भात घरात आलं, की उंदीर बागेकडे वळतात. शेतातलं खाणं संपलेलं असतं आणि आपण मात्र नव्या हापूसच्या कलमांना पाणी घालून आळी ओली ठेवलेली असतात. मऊ माती, वर पेंढा, शेजारी कोवळी साल! म्हणून पोरांनो, कार्तिकापासून शिमग्यापर्यंत कलमाच्या बुंध्यावर डोळा ठेवा.

आच्छादन हवंच, त्याशिवाय ओल टिकत नाही. पण ते खोडाला टेकवू नका, चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडा. पेंढ्यात दाणे राहतात, त्यांच्या वासाने उंदीर येतो. त्यापेक्षा पातेरा बरा. कलमाभोवतीचं गवत तीन-चार फुटांपर्यंत काढून टाका. उंदराला उघड्यावर फिरायची भीती वाटते, कारण वर घुबड असतं. माझ्या मते निम्मं राखण या साफसफाईतच होतं.

साल एवढी जपायची का, तर पानांनी केलेलं अन्न तिच्यातूनच मुळांकडे उतरतं. एका बाजूने कुरतडली तर झाड तगतं. बांगडीसारखी गोल गेली, की मुळं उपाशी राहतात. पानं मात्र पुढे काही आठवडे हिरवीच दिसतात, आणि तिथेच माणूस फसतो. म्हणून पानं बघू नका, खाली वाकून बुंधा बघा. कलमाचा जोडही ओळखून ठेवा. वरचा भाग मेला आणि जोडाखालून फुटवा आला, तर तो हापूस नव्हे, रायवळ. तो वाढवत बसलात तर वर्षं फुकट जातील.

खोडाला गोणपाट गुंडाळू नका. आत वाळवी लागते, उंदरालाही आडोसा मिळतो. पाव इंची भोकांची तारेची जाळी घ्या, दीड-दोन फूट उंच. खोडापासून चार बोटं लांब उभी करा आणि खालची कड अर्धा फूट मातीत गाडा. खोड जाडावलं की जाळी सैल करायची. रुतलेली तार उंदराइतकंच नुकसान करते.

घूस खालून येते, मुळं तोडते. पाणी असूनही कलम मलूल दिसलं, हाताने हलवल्यावर डुललं, जवळ ताज्या मातीचा ढीग असला, तर तीच. आमचे आजोबा संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवत. सकाळी जे उकरलेलं दिसे, तेच वापरातलं. त्याच्याच तोंडाशी सुक्या खोबऱ्याचा तुकडा लावून पिंजरा ठेवा. विषाच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. थोडं खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाही, आणि मेलेला उंदीर खाऊन मांजर नाहीतर घुबड जातं. बागेत धामण दिसली तर तिला मारू नका, ती आपलंच काम करते.

माडाच्या रोपांना साळिंदराचा त्रास जास्त. रोपाला चिकटलेला नारळ आणि आतला कोवळा गाभा ते रात्रीत खाऊन टाकतं. त्याला ही जाळी पुरत नाही. गडगा नीट रचा, खिंडारं बुजवा, रोपाभोवती करवंदीच्या काट्या दाट रोवा. फासकी मात्र लावू नका. 1972च्या वन्यजीव कायद्याने साळिंदराला संरक्षण आहे, शिवाय फासकीत भलतंच जनावर अडकून तडफडतं.

तरी साल गेलीच, तर जखमेच्या कडा धारदार सुरीने साफ करून बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना वेगवेगळे भिजवून दोन्ही मिळून दहा लिटर पाण्यात कालवायचे. लोखंडी भांडं वापरू नका. ही पेस्ट जखमेत बुरशी शिरू देत नाही, उंदराला मात्र ती अडवत नाही, त्यामुळे जाळी लागतेच. साल पुरती गोल गेली असेल आणि जखम जोडाच्या वर असेल, तर जखमेच्या जरा खाली छाटा आणि पाऊस येईपर्यंत पाणी चुकवू नका. जोडाच्या वरून फुटवा आला, तर कलम वाचलं.