महाविद्यालयानंतर परदेशी बास्केटबॉल

प्रश्न : अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूला एनबीएमध्ये स्थान मिळाले नाही, तर परदेशात व्यावसायिक म्हणून खेळण्याचा मार्ग कोणता?

उत्तर : एनबीएच्या वार्षिक निवडप्रक्रियेत, म्हणजेच ‘ड्राफ्ट’मध्ये, दोन फेऱ्या मिळून जास्तीत जास्त ६० खेळाडू निवडले जातात आणि त्यांत इतर देशांचे खेळाडूही असतात, त्यामुळे शिक्षण संपवणाऱ्या अनेक अमेरिकी खेळाडूंना जर्मनी, स्पेन, इटली किंवा तुर्कस्तान येथील लीगकडे वळावे लागते. तेथेही जागा मोजक्याच असतात, कारण बऱ्याच लीग स्थानिक खेळाडूंसाठी काही जागा राखून ठेवतात. जर्मनीच्या बुंडेसलीगात सामन्यासाठीच्या १२ जणांच्या चमूत किमान ६ जर्मन खेळाडू असावे लागतात. म्हणूनच ज्याचे आजी-आजोबा वा आई-वडील युरोपीय आहेत आणि ज्याला त्या आधारे तेथील नागरिकत्व मिळू शकते, त्याचे पारडे जड ठरते.

क्लबशी बोलणी सहसा फिबा या जागतिक महासंघाचा परवाना असलेल्या एजंटमार्फत होतात. करारानंतर खेळाडूच्या आधीच्या देशातील महासंघाकडून ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’, म्हणजे दुसऱ्या देशात खेळण्यास हरकत नसल्याचे पत्र, मिळवावे लागते. वेतनासोबत निवास व विमानप्रवास यांचा खर्च कोण करणार, दुखापत झाल्यास वेतन चालू राहील काय, हे करारात स्पष्ट असावे. वेतन थकल्यास जिनिव्हास्थित बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मात्र २००७ मध्ये स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचा उल्लेख करारातच असणे हिताचे ठरते.