नंदादेवी : कुंपणाआडचं शिखर

हॉस्टेलवर एव्हरेस्टच्या गप्पा रंगल्या की मी हटकून नंदादेवीचं नाव काढतो. उंची ७८१६ मीटर, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा हजारेक मीटर कमी. पण गढवालातल्या या शिखराची खरी गोम उंचीत नाही, पायथा गाठण्यात आहे. भोवती सुमारे ११० किलोमीटर परिघाचं डोंगरांचं कडं, आणि त्याला एकच फट : पश्चिमेला ऋषिगंगेने कापलेली घळ.

१८८३ साली ग्रॅहम या घळीतून परत फिरला. १९०५ मध्ये लाँगस्टाफ पूर्वेच्या खिंडीत चढला, आत डोकावला, पण खाली उतरता आलं नाही. रटलेजही हात हलवत परतला. शेवटी १९३४ मध्ये शिप्टन, टिलमन आणि अंगथारके, पासांग, कुसांग हे तीन शेर्पा आत शिरले. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ट्रॅव्हर्स म्हणजे काय ते सांगायला नको. इथे तसे ट्रॅव्हर्स एकामागून एक, खाली नदीचा घोंघाट, पाठीवर ओझी. एक टप्पा संपला की पुढचा जुळेल याची खात्री नाही. जुळत गेले! माझ्या मते शिखर सर करण्यापेक्षा हे काम मोठं.

२९ ऑगस्ट १९३६ ला टिलमन आणि ओडेल माथ्यावर पोहोचले. खरं तर ओडेलबरोबर ह्यूस्टन जायचा, पण डब्यातलं खराब मांस त्याला बाधलं. (मेसला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) १९५० पर्यंत माणसाने सर केलेलं हे सर्वांत उंच शिखर होतं.

आता आपल्या शाखेचा विषय. १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली. तिकडच्या क्षेपणास्त्रांवर कान ठेवायला १९६५ मध्ये सीआयए आणि आपल्या इंटेलिजन्स ब्युरोने इथे यंत्र बसवायचं ठरवलं. वीज येणार प्लुटोनियमच्या उष्णतेतून, थर्मोकपल वापरून. डिझाइन चोख, ना इंधन भरायला नको, ना कोणी राखणीला. पण हवामान बिघडलं, म्हणून जनरेटर वरच बांधून ठेवून गिर्यारोहक उतरले. १९६६ मध्ये परत गेले तर तो जागेवर नाही. प्लुटोनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ८८ वर्षं. गणित करून बघा, आजही निम्म्याहून जास्त शिल्लक निघतं. आणि त्या बर्फाचं पाणी ऋषिगंगेतून पुढे गंगेलाच मिळतं. लोकांना हे कळलं १९७८ मध्ये, तेही बातमी फुटली म्हणून.

१९८३ पासून आतला भाग गिर्यारोहणाला बंद आहे. त्या घळीच्या तोंडाशी रैणी गाव, १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावच्या बायांनी झाडं वाचवली तेच. ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषिगंगेला लोंढा आला, दोनशेवर माणसं गेली. गावकऱ्यांनी संशय घेतला तो त्या यंत्रावर. शास्त्रज्ञांना कारण सापडलं ते रोंटी शिखरावरून सुटलेली खडक-बर्फाची प्रचंड दरड. जनरेटर मात्र अजून सापडलेला नाही.