डाळिंब एकच, पचनं वेगळी

निफाड-दिंडोरीची द्राक्षं बाजारात आली की नाशिकमध्ये डॉक्टरांना हमखास विचारलं जातं, 'काळ्या द्राक्षांत अँटिऑक्सिडंट असतात म्हणे, रोज किती खायची?' प्रश्न रास्त आहे. पण फळात काय आहे, याइतकंच ते पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, हेही महत्त्वाचं आहे.

अनेक फळांचा लाल-जांभळा रंग आणि चहा-डाळिंबाचा तुरटपणा बहुतांशी पॉलिफिनॉल नावाच्या रसायनांमुळे येतो. शरीर त्यांना परकं समजतं. त्यातला थोडाच भाग लहान आतड्यात शोषला जातो. आतड्याचं अस्तर आणि यकृत त्याला सल्फेट किंवा ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून लघवी-पित्तावाटे बाहेर काढतात. नव्वद टक्क्यांपर्यंतचा उरलेला ऐवज मोठ्या आतड्यात, जिवाणूंच्या ताब्यात जातो.

लासलगावचा कांदा यात थोडा उजवा. त्यातलं क्वेरसेटिन साखरेच्या रेणूला जोडलेलं असतं आणि लहान आतड्यातली विकरं ती साखर लगेच सोडवतात. १९९५ साली नेदरलँड्समध्ये मोठं आतडं काढलेल्या नऊ जणांवर प्रयोग झाला. कांद्यातलं ५२ टक्के क्वेरसेटिन शोषलं गेलं. तेच क्वेरसेटिन रुटिन या दुसऱ्या रूपात दिलं तेव्हा जेमतेम १७ टक्के. म्हणून कांदा सोलताना वरचा कोरडा पापुद्रा तेवढाच काढावा. क्वेरसेटिन बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतं.

सटाणा-देवळ्याच्या डाळिंबाची गोष्ट वेगळी. त्याच्या सालीत आणि दाण्यांमधल्या पिवळ्या पडद्यांत एलॅजिटॅनिन भरपूर असतं. त्यापासून पोटात एलॅजिक आम्ल सुटतं आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन बनवतात. स्पेनच्या मुर्सिया शहरातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशाच एका जिवाणूला गॉर्डोनिबॅक्टर युरोलिथिनफेशियन्स असं नाव दिलं. डाळिंब आज खाल्लं तर युरोलिथिन लघवीत बहुधा उद्या-परवा दिसतं. युरोपातल्या अभ्यासांत दहापैकी सुमारे एकाच्या शरीरात ते तयारच होत नाही. एकाच ताटातलं फळ खाणाऱ्या नवरा-बायकोला त्यातून वेगवेगळं काही मिळू शकतं, ते यामुळेच.

द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल वाइनच्या जाहिरातीत फार मिरवतं. ते शोषलं जातं खरं, पण आतडं आणि यकृत त्याचं इतकं झटपट रूपांतर करतात की मूळ रूपात रक्तात नगण्यच उरतं. औषध म्हणून वाइन घेण्यात तथ्य नाही. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे.

मग करावं काय?

फळ रसाऐवजी अख्खं, चावून खावं. रसात साखर राहते आणि जिवाणूंचं खाद्य असलेला चोथा जातो. कधीतरी किलोभर द्राक्षं संपवण्यापेक्षा रोज मूठभर फळ, कांदा, डाळी, पालेभाज्या आणि सुरगाणा-पेठची नागली असा आलटूनपालटून आहार ठेवावा. मधुमेह असेल तर द्राक्षांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. पॉलिफिनॉलच्या गोळ्यांच्या मागे लागू नये; रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर मुळीच नाही.

रक्त कमी असलेल्यांनी जेवणाला लागून चहा घेऊ नये. त्यातलं टॅनिन पालेभाज्या-धान्यांतलं लोह धरून ठेवतं. तासाभराचं अंतर ठेवावं आणि भाजीवर लिंबू पिळावं. सर्दीसाठी मनाने अँटिबायोटिक घेण्याची सवयही सोडावी. विषाणूंमुळे होणारी सर्दी त्याने बरी होत नाही, आणि आतड्यातले कामाचे जिवाणू मात्र मारले जातात.