युरिया उडून जातो कसा?
रासायनिक अभिक्रियेचा वेग आणि वरखताची बचत

श्रावणात हलकी सर पडून जाते. जमीन वरवर ओली दिसते. कपाशीला पाते लागण्याच्या सुमारास खताचा दुसरा हप्ता द्यावयाचा राहिलेला असतो, म्हणून शेतकरी घाईने युरिया फेकून मोकळा होतो. पुढे तीन-चार दिवस कडक ऊन पडते. पंधरवडा उलटला तरी पिकावर म्हणावी तशी काळोखी येत नाही. मग पोत्यात भेसळ होती, असा समज होतो. वस्तुतः बहुतेक वेळा दोष पोत्याचा नसतो. खतातील नत्राचा काही भाग वायुरूपाने हवेत निघून गेलेला असतो. हे का घडते, हे समजण्यासाठी रासायनिक अभिक्रियेचा वेग कशावर अवलंबून असतो, हे पाहिले पाहिजे.

पोत्यात नत्र किती?
युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. २०१८ पासून युरियाचे पोते ४५ किलोचे झाले आहे. म्हणजे एका पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र येते. यातील चौथा हिस्सा उडाला असे धरले, तरी पाच किलोंहून अधिक नत्र पिकास न मिळता वाया गेले असा हिशेब होतो.

पीक युरिया आहे त्याच रूपात फारसा घेत नाही. प्रथम पाण्याशी संयोग होऊन त्याचा अमोनिया बनतो. मातीने धरून ठेवलेल्या अमोनियमचे पुढे सूक्ष्म जंतू नायट्रेट करतात. यांपैकी पहिली पायरी ओल्या व उबदार जमिनीत काही दिवसांतच पूर्ण होते. अमोनिया मातीत तयार झाला तर चिकणमातीचे कण त्यास धरून ठेवतात. तोच जमिनीच्या पृष्ठावर तयार झाला तर हवेत उडतो. मराठवाड्यातील काळ्या जमिनी बहुधा विम्लधर्मी असल्यामुळे पृष्ठावर हा धोका अधिक असतो.

एक सोपे प्रात्यक्षिक
कार्यकर्त्यांनी पुढील प्रयोग गावाच्या चावडीत करून दाखवावा. छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगरच्या एखाद्या स्वयंपाकघरातही तो तितकाच सहज होईल. दोन पेल्यांत अर्धा अर्धा पेला पाणी घेऊन प्रत्येकात दोन चमचे युरिया विरघळवावा. पहिल्या पेल्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचे पीठ घालावे. दुसऱ्यात तितकेच, परंतु चांगले उकडून वाटलेले सोयाबीन घालावे. हळदीच्या पाण्यात भिजविलेला कागद प्रत्येक पेल्यावर झाकावा. तो आतील पाण्यास लागू देऊ नये. तासाभरात पहिल्या पेल्यावरील कागद तांबूस होतो व झाकण उचलताच अमोनियाचा उग्र दर्प येतो. दुसरा कागद पिवळाच राहतो. प्रयोगानंतर मिश्रण खड्ड्यात पुरावे, भांडी स्वयंपाकात वापरू नयेत व हात स्वच्छ धुवावेत.

वेग ठरविणाऱ्या गोष्टी
१. उत्प्रेरक : कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे विकर असते. ते स्वतः खर्ची न पडता युरियाचे विघटन झपाट्याने घडवून आणते. त्याच्यावाचून नुसत्या पाण्यात युरिया वर्षानुवर्षे टिकू शकतो. हेच विकर माती, पालापाचोळा व शेण यांतही असते. म्हणून धसकटे व पाचट पसरलेल्या रानात वरून फेकलेला युरिया अधिक लवकर फुटतो. अबईच्या वर्गातील एका शेंगेच्या दाण्यांतून जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ साली युरिएज शुद्ध स्फटिकरूपात मिळविले. १९४६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

२. उष्णता : गार पाण्यापेक्षा कोमट पाण्यात कागद लवकर तांबूस होतो. तपमान दहा अंशांनी वाढले की अनेक अभिक्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो, असा ढोबळ नियम आहे. उन्हाळ्यात दही लवकर लागते व माघाच्या थंडीत विरजण रेंगाळते, हा घरोघरचा अनुभव याच जातीचा आहे. मात्र विकराला उष्णतेची मर्यादा असते. उकडलेले सोयाबीन निष्क्रिय झाले, ते यामुळेच.

३. पृष्ठभाग : पिठाऐवजी अख्खे दाणे टाकले तर अभिक्रिया मंद होते, कारण पाण्याशी संबंध येणारा पृष्ठभाग कमी असतो. कंपोस्टच्या खड्ड्यात पऱ्हाट्या बारीक तोडून घालावयास सांगतात, त्याचे कारणही हेच.

४. प्रमाण : पीठ दुप्पट घातले की वेग वाढतो. शेतात युरिया एकाच जागी मूठभर पडला तर तेथे अमोनिया दाटतो, जमिनीचा विम्लपणा वाढतो आणि कोवळी रोपे करपतात.

५. ओल : पाण्यावाचून ही अभिक्रिया होत नाही. हलकी सर खत विरघळविते, पण खाली नेत नाही. म्हणून ती चांगल्या पावसापेक्षा घातक ठरते.

निंबोळी लेपाविषयी गैरसमज
देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबोळीच्या तेलाचा लेप देण्याचे बंधन २०१५ पासून आहे. हा लेप मुख्यतः दुसरी पायरी, म्हणजे अमोनियमचे नायट्रेट होणे, मंद करतो. त्यामुळे निचऱ्याबरोबर होणारी नत्राची हानी घटते. परंतु पृष्ठावरून उडणारा अमोनिया तो पुरेसा थोपवू शकत नाही. लेप आहे म्हणून खत उघडे टाकावे, असे समजू नये.

काय करावे?
• युरिया ओळीच्या बाजूस, बुडख्यापासून थोडा दूर, दोन-तीन इंच खोल देऊन मातीने झाकावा.
• फेकूनच द्यावयाचा असेल तर वाफशावर देऊन लगेच कोळपणी करावी किंवा पाणी द्यावे. पाण्याबरोबर युरिया खाली उतरतो.
• एकदम न देता शिफारशीप्रमाणे हप्त्यांनी द्यावा. मात्रा माती परीक्षणावरून व परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशींवरून ठरवावी.
• युरियात चुना किंवा राख मिसळू नये.
• जनावरांच्या खाद्यात युरिया आणि कच्चे सोयाबीन कदापि एकत्र करू नये. पोटात अमोनिया झपाट्याने तयार होऊन जनावर दगावू शकते.

अभिक्रियेचा वेग निसर्गाच्या नियमाने ठरतो. तो नियम बदलता येत नाही. पण अमोनिया मातीच्या आत तयार व्हावा की उघड्यावर, हे मात्र शेतकऱ्याच्या हाती आहे. दोन इंच माती ओढण्याचे श्रम पोत्यातील नत्र राखतात.

स्वाध्याय
(१) कोरड्या मातीवर पडलेला युरिया काही दिवस तसाच का राहतो?
(२) उसाच्या पाचटावर फेकलेल्या युरियाचे नुकसान अधिक का होते?
(३) गावातील दोन शेतकऱ्यांकडून युरिया देण्याची वेळ व पद्धत विचारून घ्यावी आणि वरील पाच कारणांशी ताडून पाहावी.